परमुलखातला खांदेकरी

लिंबागणेशच्या चावडीवर संध्याकाळी जी मंडळी जमत, त्यांना कैक वर्षं एकच करमणूक होती आणि तिचं नाव राधाकिशन. हा राधाकिशन एकदा जमिनीच्या अपिलासाठी हैदराबादला जाऊन आला होता. अपील हुकलं होतं, पण चारमिनार पाहून झाला होता आणि तेवढ्या भांडवलावर तो आजपर्यंत बोलत होता. पहिल्या वर्षी चारमिनार गावातल्या गणपतीच्या शिखराच्या दुप्पट होता. पुढे तो दरसाल वाढत गेला. आता त्याच्या सावलीत अख्खा वडवणीचा बाजार बसला असता. ऐकणाऱ्यांना हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण गावात दुसरं कोणी कुठे गेलेलंच नव्हतं, त्यामुळे लोक वाढत्या चारमिनारावर संतुष्ट होते.

याचा त्रास एकाच माणसाला होई. विठ्ठलराव गावचे माली पाटील. सारावसुली त्यांच्याकडे, पोळ्याच्या बैलाचा मान त्यांचा, चावडीत भिंतीला टेकून बसायची जागाही त्यांची. एवढं असून सगळ्यांची तोंडं राधाकिशनकडे. एकदा विठ्ठलराव पावसासंबंधी काही महत्त्वाचं बोलत होते. बोरांची रिकामी पाटी घेऊन घरी जाता जाता टेकलेला दिलावर बागवान त्यांना म्हणाला, "पाटील, जरा दम धरा. राधाकिशन मिनारावर चढायलेत." विठ्ठलराव तडक उठले. घरी जाऊन जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चावडीवर जाहीर केलं की ते मुंबईला निघालेत.

मुंबई म्हणजे परमुलूख. निजामसरकारची हद्द नगरच्या अलीकडे संपायची. तिथल्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपाई गाठोडी उचकटून बघायचे आणि पुढे इंग्रजाचं राज्य लागायचं. तिकडे जाण्यात धर्म बुडतो की काय, अशी एक शंका निघाली. जोशीबुवांनी पोथी काढली आणि निर्णय दिला की समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त आहे, नुसता पाहिला तर नाही.

"समुद्रच बघून येतो म्हन्तो," विठ्ठलराव राधाकिशनकडे न बघता म्हणाले. "हैदराबादेत हाय का समुद्र?"

"हुसेनसागर हाय की," राधाकिशन म्हणाला.

"त्ये तळं हाय."

चावडी हसली. कितीतरी वर्षांनी ती विठ्ठलरावांच्या बाजूने हसली होती. आता समुद्र पाहून यायचा, भिंतीला टेकायचं आणि तो सावकाश, रोज थोडा थोडा सांगायचा, एवढंच काम उरलं होतं. विठ्ठलरावांच्या हिशेबाने एक समुद्र जन्मभर पुरला असता.

बायकोला न्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण परमुलखात भाकरी कोण थापणार, हा प्रश्न आला आणि मुक्ताबाई ज्वारीच्या पिठाचं गाठोडं घेऊन बैलगाडीत बसल्या. गाडीने नगर, नगरहून रेल्वे, आणि अंगाचा पार चिवडा झाल्यावर बोरीबंदर. भुलेश्वराच्या बाजूला एका धर्मशाळेत खोली मिळाली. मुक्काम तीन दिवसांचा, कारण हरभरा काढणीला आला होता.

पहिल्या सकाळी विठ्ठलरावांनी ठेवणीतला कोशाचा रेशमी फेटा बांधला. आज समुद्र, उद्या राणीच्या बागेतले वाघ, परवा बिनाघोड्याची ट्राम आणि साहेबलोक, असा बेत त्यांनी मुक्ताबाईंना ऐकवला. दोघं रस्त्यावर आली. दहा पावलं गेली असतील नसतील, तोच समोरच्या चाळीतून एक तिरडी बाहेर पडली.

इथे लिंबागणेशची रीत सांगायला हवी. तिथे मयत दिसली की माणूस हातातलं काम टाकतो आणि मागे चालू लागतो. गेलं कोण, हे वाटेत विचारायचं. पाटील असेल तर त्याने पहिला खांदा द्यायचा. एकदा खांदा दिला की शेवटपर्यंत थांबायचं, अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, कडुलिंबाचा पाला चावायचा आणि त्या दिवशी कसलीही मौजमजा करायची नाही. पान नाही, पत्ते नाहीत. गावात हे जमून जायचं, कारण दोनअडीचशे उंबऱ्यांच्या गावात माणसं मरून मरून किती मरणार.

"आवं, आपल्याला हितं कोन वळखतंय? चला की गप," मुक्ताबाई हळूच म्हणाल्या.

"मयताला वळख लागत न्हाई," विठ्ठलराव म्हणाले. त्यांनी बायकोला धर्मशाळेच्या पायरीवर बसवलं, आलोच म्हणून सांगितलं आणि ते निघाले.

तिरडीला काळे कोट घातलेले चार चष्मेवाले लागले होते. त्यातल्या एकाने विठ्ठलरावांचे खांदे पाहिले आणि आपली जागा इतक्या आनंदाने दिली की विठ्ठलरावांना भरून आलं. गावाकडे दर वीस पावलांवर कोणीतरी येऊन खांदा बदलतो. त्यांनी तशी वाट पाहिली. मग मागे वळून पाहिलं, तर मागची माणसं पातळ होत चालली होती. एका चौकात दोघं गळाले, पुढच्या चौकात तिघं. प्रत्येकाला कचेरी होती. ज्याने जागा दिली त्या चष्मेवाल्याने त्यांचा हात दाबला, उपकार झाले म्हणाला आणि ट्राम गाठायला पळाला. अख्खी वाट विठ्ठलरावांनी एकाच खांद्यावर काढली.

स्मशान मोठ्या रस्त्याच्या कडेला होतं आणि त्याला उंच भिंत होती. चिता पेटली. विठ्ठलराव बाजूला उभे राहिले, तेव्हा त्यांना भिंतीपलीकडून घों घों असा आवाज आला. रेल्वे असेल म्हणून त्यांनी जवळच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, रेल्वे गेली मघाशीच, हा समुद्र.

समुद्र भिंतीपलीकडे होता. शेजारी लाकडांचा ढीग होता आणि त्यावर चढलं तर सहज डोकावता आलं असतं. कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी एक पाय ओंडक्यावर ठेवलासुद्धा. पण मयताला येऊन गंमत बघितली, हे चावडीवर सांगायचं कोणत्या तोंडाने? त्यांनी पाय खाली घेतला. इतक्यात मृताचा भाचा जवळ आला आणि आपण कोण म्हणून विचारू लागला. लिंबागणेशचे माली पाटील, असं उत्तर ऐकून तो गोंधळला. मामांनी आयुष्यात रत्नागिरी आणि गिरगाव याखेरीज गाव पाहिलं नव्हतं. पण ती वेळ चौकशीची नव्हती म्हणून त्याने नमस्कार केला.

दुपारी विठ्ठलराव निथळत धर्मशाळेत आले. आज आता कुठे जायचं नाही, हे मुक्ताबाईंना सांगावं लागलं नाही. पण त्यांचं पुढलं बोलणं ऐकून बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या घरी आज चूल पेटलेली नसणार, तेव्हा पिठलं-भाकरी करून नेऊन दे, असा हुकूम होता.

"आपन हितं समुद्र बघाया आलोत, का गावजेवान घालाया?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्या घरी चूल बंद हाय," विठ्ठलराव म्हणाले. मुक्ताबाईंनी धर्मशाळेच्या चुलीवर भाकऱ्यांची चवड थापली आणि दुरडी डोक्यावर घेऊन चाळीचा जिना चढल्या.

चाळ भात खाणाऱ्यांची होती. ताटाएवढ्या भाकऱ्या पाहून आधी सगळं बिऱ्हाड दचकलं. मग शेजारच्या वेणूताईंना एकदम रडू फुटलं. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांनी दार लोटून घेतलं होतं आणि कुठून तरी निजामाच्या मोगलाईतून आलेली बाई भाकरी घेऊन उभी होती. वेणूताईंनी तिला हाताला धरून आपल्या सज्जात नेलं आणि आयुष्यातला पहिला चहा पाजला. सज्जातून सगळा रस्ता दिसत होता. चहा निवून गेला तरी मुक्ताबाईंची नजर काही वर येईना. जिना उतरताना वेणूताई म्हणाल्या, "उद्या तुम्हाला मुंबई दाखवल्याशिवाय मी नाव सांगायची नाही."

दुसऱ्या दिवशी विठ्ठलरावांनी पुन्हा फेटा बांधला आणि दार उघडलं, तर दारात दोन गृहस्थ उभे. कालच्या चष्मेवाल्याने कचेरीत सगळ्यांना सांगितलं होतं. मोगलाईतले एक पाटील उतरलेत, खांदा भक्कम आहे, काही घेत नाहीत आणि शेवटपर्यंत थांबतात. मुंबईत असला माणूस औषधालाही मिळत नव्हता. त्या गृहस्थांचे आजोबा पहाटे वारले होते. राहायला चौथा मजला, जिना अरुंद, आजोबा अंगाने भरलेले आणि नातू सगळे शाळामास्तर.

"आपण खांदा देता असं समजलं," त्यातला एकजण अदबीने म्हणाला.

विठ्ठलरावांना नाही म्हणायचं होतं. तोंडात शब्द आलाही होता. पण त्यांच्या घराण्यात खांद्याला नाही म्हटलेला पाटील झालेला नव्हता, आणि होऊन होऊन तो परमुलखात व्हावा हे त्यांना बरं दिसेना. त्यांनी फेटा उतरवून बायकोच्या हातात दिला. तेवढ्यात वेणूताई चाळीतल्या तीनचार बायकांना घेऊन मुक्ताबाईंना न्यायला आल्या. विठ्ठलरावांनी परवानगी दिली, मात्र एका अटीवर.

"काय बघशील त्ये मला सांगायचं न्हाई. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. आधी सांगितलं की मजा जाती."

आजोबांना चौथ्या मजल्यावरून उतरवणं हे काम विठ्ठलरावांनी हाती घेतलं म्हणूनच पार पडलं. नातू जिन्यात कोन मोजत उभे होते. आजोबा पिकलं पान असल्यामुळे पुढे बँड लावला होता. विठ्ठलरावांना हे पसंत पडलं, गावाकडेही म्हाताऱ्या माणसाला टाळ-मृदंगात नेत. सगळं आटोपून ते स्मशानाच्या नळाखाली बसले, तर आणखी एक तिरडी आत आली आणि तिला मागच्या बाजूला एकच माणूस होता. त्या लोकांची नजर विठ्ठलरावांकडे वळली.

"आपण ओले आहातच," त्यांच्यातला एकजण चाचरत म्हणाला, "तेव्हा म्हटलं..."

यात तर्काला खोट नव्हती. विठ्ठलराव उठले. संध्याकाळपर्यंत असंच चाललं. स्मशानातला लाकडं देणारा त्यांना ओळखू लागला. ही कोणती तरी नवी धर्मार्थ मंडळी निघाली असावी आणि हे तिचे अध्यक्ष, अशी त्याने समजूत करून घेतली आणि त्यांच्यासाठी सावलीत एक खोकं मांडलं. खोक्यावर बसून विठ्ठलराव भिंतीपलीकडचा आवाज ऐकत राहिले. चढून बघावं असं आता त्यांच्या मनात येईनासं झालं होतं, कारण लोक नमस्कार करत होते.

रात्री मुक्ताबाई भाकरी वाढायला बसल्या तेव्हा त्यांच्या केसात मोगऱ्याचा गजरा होता आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. विठ्ठलरावांनी हात वर केला.

"येकच सांगते."

"न्हाई."

मुक्ताबाईंनी भाकरी वाढली. अंथरुणावर पडल्यावर मात्र मध्येच त्यांना हसू फुटलं. विठ्ठलराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. दोन्ही खांदे ठणकत होते आणि बायको कशाला हसतेय हे विचारायची सोय नव्हती.

तिसरा दिवस शेवटचा. रात्री गाडी होती. विठ्ठलराव इरेला पेटले. उजाडायच्या आधीच त्यांनी डोक्याला साधं मुंडासं गुंडाळलं, कोणी ओळखू नये म्हणून तोंडावरून उपरणं घेतलं आणि धर्मशाळेच्या मागच्या गल्लीतून ते सटकले. मयत दिसली तर थांबावं लागतं, तेव्हा दिसूच द्यायची नाही, असा त्यांनी तोडगा काढला होता. ते मान खाली घालून, आपल्या पायतानांकडे बघत चालू लागले. शेजारून ट्राम घंटी वाजवत गेली, ती त्यांनी पाहिली नाही. मडमा गेल्या, बग्ग्या गेल्या, पाचपाच मजल्यांच्या हवेल्या गेल्या, पण विठ्ठलरावांनी मान वर केली नाही. मुंबई बघायला आलेला माणूस मुंबईकडे न बघता मुंबईतून चालला होता. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. ते चुकले. एकाच हलवायाच्या दुकानासमोर चौथ्यांदा आले आणि हलवायानेच त्यांना काय हवं ते विचारलं.

दुपार कलली तेव्हा ते एका रुंद रस्त्याला लागले. समोरून खारा वारा येत होता. रस्ता सरळ आहे, पाव कोसावर समुद्र, असं एका पाणीवाल्याने सांगितलं. विठ्ठलरावांची पावलं भराभर पडू लागली. तेवढ्यात मागून बँड वाजला.

न राहवून त्यांनी मान वर केली आणि घात झाला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरेधोट कपडे घातलेली पुरुषमंडळी रांगेने, सावकाश पावलं टाकत येत होती. लिंबागणेशात लग्नाला जाणारा माणूस निदान डोक्याला तरी तांबडं-पिवळं बांधतो. इतकं सगळं पांढरं एकत्र त्यांनी एकाच प्रसंगी पाहिलं होतं. बँड काल आजोबांनाही होता. तिरडी दिसत नव्हती, पण ती पुढे गेली असेल. विठ्ठलरावांनी समुद्राच्या दिशेने पाहिलं. रस्त्याच्या टोकाला माडांचे शेंडे हलत होते. मोठं घराणं आहे, आपल्या एका खांद्यावाचून काय अडणार, असं म्हणून त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. मग त्यांना तो म्हातारा दिसला.

म्हातारा स्थूल होता, डोक्याला काळी उंच टोपी होती आणि तो रडत होता. आजूबाजूचे लोक त्याच्या पाठीवर थापा मारून हसत पुढे जात होते. हे काही विठ्ठलरावांना बघवेना. मुंबईची माणसं घाईत असतात हे त्यांना कळलं होतं, पण इतकी निर्दय असतील असं वाटलं नव्हतं. ते रांगेत घुसले आणि त्यांनी म्हाताऱ्याच्या खांद्याखाली हात दिला.

"रडा," ते म्हणाले. "रडून घ्या. दाबून ठिवू नका."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. "बावा, सगला लोक बोलते, होरमसजी हसा, हसा. कोनी एक जन नाय बोलला के रड."

"त्यांचं काय जातंय. घर तुमचं रिकामं व्हनार."

"आज राते," होरमसजी हुंदका देत म्हणाले, "मी एकला टेबलपर बसेल."

"चार दिवस लई वाटंल. मंग बी वाटंल, पन सवय व्हती. जेवन मातर सोडायचं न्हाई."

होरमसजींनी भर रस्त्यात विठ्ठलरावांच्या ठणकत्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि ते पोटभर रडले. विठ्ठलरावांचेही डोळे भरले. हा माणूस त्यांना आवडला होता. अशा स्थितीत दोघं एका बागेच्या फाटकातून आत गेले.

आत दिवे लावले होते. खुर्च्या मांडल्या होत्या, बाया रंगीत रेशमी पातळं नेसून तबकं घेऊन फिरत होत्या, पोरं पळत होती आणि कुठून तरी मासे तळल्याचा वास येत होता. विठ्ठलराव संतापाने लाल झाले. चिता थंड व्हायच्या आत पंगत? ते होरमसजींना त्याबद्दल दोन शब्द ऐकवणार, तोच म्हाताऱ्याने चौथऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे फुलांनी मढवलेल्या खुर्च्यांवर एक मुलगी आणि एक तरुण समोरासमोर बसले होते आणि पारशी भटजी त्यांच्यावर तांदूळ उडवत होते.

"मारी डिकरी," होरमसजी म्हणाले. "उद्या कराची जाते."

मुलीने बापाकडे बघून हात हलवला. मग बापाच्या शेजारी उभ्या असलेल्या मुंडासेवाल्याकडे बघूनही हलवला. विठ्ठलराव कितीतरी वेळ हात जोडून तसेच उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते जिवंत माणसाच्या मयतीला आले होते. हळूच मागे सरकून निघावं असं त्यांना वाटलं, पण होरमसजी हात सोडायला तयार नव्हते. त्या सगळ्या बागेत आपलं दुःख समजणारा हाच एक माणूस आहे, असं त्यांनी व्याह्यांना सांगितलं, जावयाला सांगितलं आणि विठ्ठलरावांना आपल्या उजव्या बाजूला बसवून घेतलं. गोळीच्या सोडालिंबूच्या बाटल्या एकामागून एक येत राहिल्या. विठ्ठलराव ढेकर देत होते, होरमसजी डोळे पुसत होते.

फाटकाबाहेर पडायला मिळालं तेव्हा अंधार पडला होता. ते धावत रस्त्याच्या टोकाला गेले. समोर काहीतरी होतं. काळोख होता, वारा होता, पण गावाबाहेरचा माळही रात्री असाच दिसतो. थांबून नीट बघायला वेळ नव्हता. त्यांनी व्हिक्टोरिया घोडागाडी केली आणि बोरीबंदर गाठलं.

स्टेशनावर मुक्ताबाईंना पोचवायला निम्मी चाळ आली होती आणि वेणूताई रडत होत्या. विठ्ठलरावांना पोचवायला फक्त तो चष्मेवाला आला होता. "पुन्हा या पाटील," तो मनापासून म्हणाला. "थंडीत या. थंडीत फार गरज असते."

लिंबागणेशला पोचल्या दिवशी चावडीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. वडवणीहूनही दोन माणसं आली होती. विठ्ठलराव भिंतीला टेकले. गाडीत त्यांनी समुद्राची चांगली जय्यत तयारी केली होती.

"समुद्र लई मोठा हाय," त्यांनी सुरुवात केली.

"म्हंजी केवढा?" राधाकिशनने विचारलं.

"लई."

"रंग कसा हाय त्याचा?"

"पान्याचा असतो तसाच."

"लाटा म्हन्त्यात त्या काय असत्यात? कशापायी उठत्यात?"

विठ्ठलराव घुटमळले. न पाहिलेली वस्तू वाढवून सांगणं सोपं नसतं, राधाकिशनने निदान चारमिनार पाहिला होता. त्यांनी खोकून विषय बदलला आणि जे खरोखर ठाऊक होतं त्याकडे वळले. मुंबईत लाकूड ओलं मिळतं. चौथ्या मजल्यावरून तिरडी उतरवायची तर वळणावर पायाची बाजू उचलावी लागते. दमट हवेत धोतर वाळत नाही. सुरुवातीला लोकांनी आदराने ऐकलं, मग ते एकमेकांकडे बघू लागले. दिलावर उठला आणि म्हणाला, "पाटील, हे ऐकून घास उतरत न्हाई." संधी साधून राधाकिशनने घसा खाकरला आणि चारमिनार काढला. पण त्या दिवशी चारमिनारही उभा राहीना, कारण पाटलांच्या वाड्याच्या बाजूने हसण्याचा आवाज येत होता. एकेकजण काहीतरी निमित्त सांगून उठू लागला. शेवटी पाणी पिऊन येतो म्हणून राधाकिशन गेला, तो परत आला नाही.

विठ्ठलराव एकटेच राहिले. भिंतीला टेकून बसायची जागा अजून त्यांचीच होती, पण समोर रिकामं घोंगडं होतं. एवढं जाऊन आपण काय आणलं, हे त्यांना उमगलं आणि वाईट वाटलं. मग ते उठून घरी गेले.

अंगण भरलं होतं. बायका पुढे बसल्या होत्या आणि पुरुष मागे गोठ्याच्या कडेला उभे राहून आपण ऐकत नसल्याचं दाखवत होते. एकजण दावं मागायला आला होता. दिलावर म्हशीचं शिंग निरखत होता आणि राधाकिशन वासराचे दात बघत होता. जात्याजवळ बसलेल्या मुक्ताबाई बायकांना सांगत होत्या.

"टराममधी मान्सं समोरासमोर बसत्यात, गुडघ्याला गुडघा लागतो, पन कोन गावचे म्हनून कुनी इचारत न्हाई. म्या येकाला इचारलं. त्यो उतरूनच गेला. आन राणीच्या बागंत वाघ हाय, पन त्यो झोपलेला. त्याला बघाया आलेली मान्सं त्याच्यापरीस बघन्यासारखी. येक मडम व्हती, तिचं कुत्रं गाडीत बसलेलं आन नवरा मागं चालत."

छबुबाई हसून हसून ठसकली. मग तिने डोळे पुसत समुद्राचं विचारलं.

"समुद्र म्हंजी लई पानी," मुक्ताबाई म्हणाल्या. "पन कामाचं न्हाई. ना भाकरीला, ना पिकाला. नुस्तं येतं आन जातं. तरी उठावं वाटत न्हाई. म्या पाय सोडून बसले तर पायाखालची रेतीच वडून न्यायला लागलं."

"मालकांनी दावला का?" छबुबाईने विचारलं.

तेवढ्यात मुक्ताबाईंना दारात उभे असलेले विठ्ठलराव दिसले. एका शब्दात पाटलांची फजिती गावभर झाली असती आणि हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

"ते व्हते म्हनून तर बघाया मिळाला," मुक्ताबाई म्हणाल्या.

यात खोटं काहीच नव्हतं. विठ्ठलरावांनी सुटकेचा श्वास सोडला. पण राधाकिशन वासरू सोडून पुढे आला.

"मंग पाटील, तुमीच सांगा की. चावडीवर तर तुमी कायबी सांगितलं न्हाई. पाय वडतं म्हंजी कसं वडतं?"

सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. ज्या क्षणासाठी ते परमुलखात गेले होते, तो हाच होता. विठ्ठलरावांनी फेटा काढून हातात घेतला.

"मी कामात व्हतो," ते म्हणाले. "हिनं पाहिलाय. हिला इचारा."

कोणी हसलं नाही. राधाकिशन थोडा बाजूला सरकला आणि त्याने गोठ्याच्या कडेला जागा करून दिली. विठ्ठलराव तिथे मांडी घालून बसले आणि बायकोकडे बघून हळूच म्हणाले, "रेती वडून नेली. मंग?"

मुक्ताबाईंनी पदर सावरला. मालकांनी आधीचं काहीच ऐकलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी मुंबई पुन्हा वेणूताईंच्या सज्जापासून सुरू केली.